सहा गुंठे

आमच्या घराच्या कागदपत्रांत जमिनीचं क्षेत्रफळ ६०७ चौरस मीटर असं लिहिलंय. २०१२ साली घर घेतलं तेव्हा तो आकडा मला फार विचित्र वाटला होता. सरळ सहाशे का नाही? हे वरचे सात कुठून आले? नवरा म्हणाला, "सात मीटर फुकट मिळाले असं समज आणि सही कर." केली.

उत्तर मिळालं ते कुंपणापलीकडून. शेजारी एक आजी राहायच्या (जन्माने इथल्याच, पण आमच्या मुलांनी त्यांना 'आजी' करून टाकलं आणि त्यांनाही ते आवडलं). त्या म्हणाल्या, "६०७ कुठलं? चोवीस पर्च!" पर्च म्हणजे साडेसोळा फूट बाजूचा चौरस. एकरात असे १६० बसतात. १९७० नंतर ऑस्ट्रेलिया मीटरवर गेला, कागद बदलले, पण ब्रिस्बेनचे जुने लोक अजूनही जागा पर्चमध्येच सांगतात.

घरी येऊन मी गणित केलं आणि चाटच पडले. एकरात गुंठे चाळीस. म्हणजे चार पर्चचा बरोब्बर एक गुंठा, अगदी इंचभरही इकडे-तिकडे नाही. आमचं घर सहा गुंठ्यांवर उभं होतं!

हा योगायोग नाही बरं का. एडमंड गंटर नावाच्या इंग्रजाने १६२० मध्ये जमीन मोजायला ६६ फुटांची साखळी केली. तिचा पाव भाग म्हणजे पर्चची बाजू, आणि अर्धा भाग, म्हणजे ३३ फूट, ही गुंठ्याची बाजू. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या मोजणीला सुरुवात केली. ती पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. आपली साखळी ३३ फुटांची, आणि तिचे भाग आपले ओळखीचे, सोळा आणे! इकडे ब्रिस्बेनमध्ये १८४२ पर्यंत फक्त कैद्यांची वसाहत होती. ती सगळ्यांना खुली झाली आणि इथेही साखळ्या घेऊन मोजणीदार हिंडू लागले. टर्बल आणि जगेरा लोकांची ही भूमी, या जागेला ते मियान्जिन म्हणत. त्यांना कुणी विचारलं नाही. इंदापूरच्या शेतकऱ्याला तरी कुठे विचारलं होतं म्हणा. पण त्याची जमीन मोजून सारा बसवला, आणि यांची मोजून विकून टाकली. हा फरक मोठा आहे, आणि माझ्या सहा गुंठ्यांच्या तळाशी तो आहे हे मी विसरू शकत नाही.

घरामागे एवढं मोठं परस असायला आणखी एक कारण घडलं. १८८५ मध्ये क्वीन्सलँडने कायदा केला की १६ पर्चपेक्षा (म्हणजे चार गुंठ्यांपेक्षा) लहान प्लॉट पाडायचा नाही. चिंचोळ्या जागांत दाटीवाटीची, रोगट घरं होऊ नयेत हा हेतू. एका कायद्याने शहराचा चेहरा ठरून गेला. लाकडी खांबांवर उचललेली पत्र्याची घरं, पुढे व्हरांडा, मागे परस. आणि त्या परसाच्या कोपऱ्यात संडास. ब्रिस्बेनच्या उपनगरांत बऱ्याच ठिकाणी मैलावाहिन्या आल्या त्या क्लेम जोन्स महापौर असताना, म्हणजे १९६१ ते १९७५ च्या काळात. तोपर्यंत परसातल्या त्या खोपटावर चो-चोचा वेल सोडायची पद्धत होती. आजींच्या तरुणपणी घरटी तीन गोष्टी ठरलेल्या: चो-चोचा वेल, पपई, आणि आंबा. हिवाळ्यात इथे रात्री पारा दहाच्या आसपास थांबतो, समुद्राजवळच्या भागात दहिवर गोठत नाही. त्यामुळे कोय टाकली की झाड होतं.

आजींचा आंबा केन्सिंग्टन जातीचा, इथे त्याला बोवेनचाही म्हणतात. बोवेन हे उत्तरेकडचं बंदर. १८८० च्या सुमारास तिथून हिंदुस्थानातल्या फौजेसाठी घोडे जात, आणि त्या व्यापाऱ्यांनी येताना या आंब्याच्या कोयी आणल्या असं सांगतात. घोडे गेले, आंबे आले. ते झाड आजींनी लग्नानंतर लावलेलं, आणि त्याची एक मोठी फांदी आमच्या बाजूला. आमचा डिसेंबर-जानेवारीचा आमरस कुंपणावरून यायचा. (हापूस नाही तो. पण सासरच्या मंडळींनी रागावू नये, तिसऱ्या वाटीनंतर फरक कळत नाही.)

आता माझ्या परसाकडे येते. पहिली दोन वर्षं तिथे फक्त हिरवळ होती, दर शनिवारी कापायची. मग एका मैत्रिणीबरोबर विंडसरमधल्या नॉर्दी स्ट्रीट सिटी फार्ममध्ये गेले. ओढ्याकाठच्या पूरजमिनीवर १९९४ पासून लोकांनी मिळून चालवलेली ही बाग आहे. तिथे पर्माकल्चर हा शब्द प्रथम नीट कानावर पडला.

शब्द ऑस्ट्रेलियातलाच. १९७४ मध्ये टास्मानियात होबार्टला बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांची गाठ पडली. मॉलिसन पंचेचाळिशी पार केलेले. मासेमारी, जंगलातली कामं, प्राण्यांचा अभ्यास असं सगळं करून विद्यापीठात शिकवायला लागलेले. होमग्रेन विशीतला विद्यार्थी. दोघांचा प्रश्न एकच होता. जंगलाला कुणी नांगरत नाही, खत घालत नाही, तरी ते वर्षानुवर्षं उभं राहतं. मग शेतीला दर वर्षी नव्याने सगळं का लागावं? त्यातून १९७८ मध्ये 'पर्माकल्चर वन' हे पुस्तक आलं. पर्मनंट आणि अ‍ॅग्रिकल्चर यांची जोडी करून बनवलेला हा शब्द. काळ तेलटंचाईचा होता, त्यामुळे पुस्तक चाललं. १९८१ मध्ये मॉलिसन यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, आणि २०१६ मध्ये ते गेले. होमग्रेन यांनी २०१८ मध्ये उपनगरांवरच 'रेट्रोसबर्बिया' हे जाडजूड पुस्तक लिहिलं.

त्यांची मुख्य युक्ती मला आवडली कारण ती आळशी माणसाची आहे. दिवसातून चारदा लागतं ते स्वयंपाकघराच्या दाराशी. आठवड्यातून एकदा लागतं ते त्यापलीकडे. वर्षातून एकदा हात लावायचा ते अगदी कडेला. म्हणजे कढीलिंब, कोथिंबीर, मिरच्या पायरीजवळ. भोपळा, वाल, वांगी मधे. केळी, पपई, शेवगा, लिंबू कुंपणाशी. दुसरं, प्रत्येक वस्तूने एकाहून जास्त कामं करायची. कोंबडी अंडी देते, किडे खाते, माती उकरते, शीटही देते. मॉलिसन म्हणायचे की गोगलगायी फार झाल्या असं समजू नका, बदकं कमी पडली असं समजा. तिसरं, पाणी धावू द्यायचं नाही. त्याला चालायला लावायचं, आणि जमलं तर बसायला.

या तिसऱ्याची किंमत मला आजींकडून कळली. २००७ च्या एप्रिलमध्ये इथे पाणीटंचाईची पाचवी पातळी लागू झाली होती. माणशी दिवसाला १४० लिटरचं उद्दिष्ट ठरलं. बागेला नळी लावायची बंदी, बादली चालेल. त्या ऑगस्टमध्ये शहराच्या तिन्ही धरणांत मिळून सतरा टक्क्यांहून कमी पाणी उरलं. आजींनी आंघोळीचं पाणी बादलीत साठवून लिंबू जगवलं. आणि लगेच २०११ च्या जानेवारीत नदी ४.४६ मीटरवर चढली आणि शहरात पूर! २०२२ च्या फेब्रुवारीत तर तीन दिवसांत साडेसहाशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. तो मी डोळ्यांनी पाहिला. आमच्या उतारावर मी दोन चर खणले होते, महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खणतात तसेच, फक्त गुडघ्याएवढे. ते भरले, वाहिले, आणि दुसऱ्या दिवशी जमिनीत मुरलेही. वरचं आच्छादन शेजारच्या शेजारी गोळा झालं होतं एवढंच. दुष्काळ आणि पूर या दोन्हींवर जमिनीचा उपाय एकच, की ती झाकलेली आणि भुसभुशीत असावी.

तर अशी माझी फुशारकी चालू असताना या मार्चमध्ये आई आली.

आईचं माहेर इंदूर. तिने परस पाहिलं, एक फेरी मारली आणि म्हणाली, "छान आहे. पण यात नवीन काय आहे?" न्हाणीचं पाणी केळीला आणि अळवाला सोडलंय, हे तिच्या माहेरीही होतं. दाराशी तुळस आणि कढीलिंब, तेही होतं. मी तूर लावली आहे हे बघून ती खूष झाली. मग ती तूर फुलायच्या आधीच छाटून मी लिंबाच्या बुंध्याशी पसरतेय हे बघून हबकली. "अगं, शेंगा तरी येऊ दे!" तुरीच्या मुळांशी हवेतला नत्र धरून ठेवला जातो, पाला जमिनीवर कुजला की झाडाला मिळतो, हे तिला पटतं. पण डाळ सोडून पाला घ्यायचा हे पटत नाही. आम्ही तह केला. अर्धी तूर लिंबाची, अर्धी आईची.

शेवटी ती कोपऱ्यातल्या कंपोस्टच्या ढिगापाशी थांबली. "आणि हा उकिरडा?"

"आई, हा उकिरडा नाही. ही इंदूर पद्धत आहे," मी म्हटलं. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारात पुसाला सरकारी नोकरीवर आले. शिकवायला आले आणि शिकत बसले. शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले गुरू असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. १९२४ मध्ये ते इंदूरला गेले. होळकर दरबाराने नाममात्र भाड्याने दिलेल्या तीनशे एकरांवर वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. पत्नी गॅब्रिएल, ज्या स्वतः शास्त्रज्ञ होत्या, १९३० मध्ये वारल्या. १९३१ मध्ये हॉवर्ड परत गेले. त्या सात वर्षांत तिथे जे बसवलं गेलं त्याला जगभर इंदूर पद्धत म्हणतात.

उकिरडा आणि कंपोस्ट यांत फरक काय, तर हवा, ओल आणि प्रमाण. नुसता ओला कचरा टाकत गेलो तर तो सडतो, वास मारतो, त्यातला नत्र उडून जातो. इंदूरला तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि फक्त दोन फूट खोल असे खड्डे केले. त्यात काडीकचरा, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, शेण आणि राख यांचे थर दिले आणि पाणी शिंपडलं. सोळा दिवसांनी चाळवणी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत तयार. यात जादू काही नाही. चाळवल्याने हवा जाते, हवेवर जगणारे जंतू काम करतात, ढीग तापतो, तणाचं बी आणि किडीची अंडी मरतात. माझ्या ढिगात गाय नाही, म्हणून कोंबड्यांचा भुसा, कापलेली हिरवळ आणि चहाचा चोथा. पण थर तेच आणि चाळवणीचा हिशोबही तोच.

१९३१ मध्ये या कामावर पुस्तक निघालं. त्यावर दोन नावं आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेतले रसायनशास्त्रातले मुख्य साहाय्यक. ढिगात नत्र किती, काडीकचऱ्याशी त्याचं प्रमाण काय, हा सगळा प्रश्न रसायनाचाच. हॉवर्ड यांनी त्यांचं नाव आपल्या बरोबरीने छापलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे जगाने 'सर अल्बर्ट' लक्षात ठेवले, गावाचं नाव ठेवलं, आणि वाड गळून गेले. मी ज्या बागकामाच्या वर्गांना गेले तिथे इंदूर पद्धत शिकवतात, पण वाड हे नाव कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. म्हणून आता माझ्याकडे कुणी ढीग बघायला आलं की मी न विचारता ते नाव सांगते. तेवढं तरी करावं.

मग इंदूरचा खड्डा ब्रिस्बेनच्या परसात आला कसा? त्याचीही वाट सापडते. हॉवर्ड यांचं 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टमेंट' १९४० मध्ये आलं. १९४४ मध्ये सिडनीत सेंद्रिय शेतीची एक सोसायटी निघाली, नावात 'ऑरगॅनिक' शब्द असलेल्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ती एक. १९४६ पासून तिचं मासिक होतं. १९५४ मध्ये पी. ए. यिओमन्स यांनी उतारावर पाणी अडवून पसरवण्याची कीलाइन पद्धत मांडली. १९७७ मध्ये सिडनीच्या एस्थर डीन्स यांचं पुस्तक आलं. जमीन खणूच नका, गवत आणि कंपोस्टचे थर द्या आणि त्यातच लावा, असं त्या सांगत. आणि पुढच्याच वर्षी मॉलिसन-होमग्रेन. म्हणजे पर्माकल्चर आभाळातून पडलं नाही. इंदूर, सिडनी, होबार्ट असे ओहोळ मिळत आले. आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय पर्माकल्चर परिषद भरली ती हैद्राबादला. पाणी फिरून आलं.

हे सगळं आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आम्ही त्या शेतकी कॉलेजवरून रोज शाळेत जायचो. कुणी सांगितलंच नाही ग." मला वाटतं, तिच्या "यात नवीन काय" या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. न्हाणीवरची केळ आजीला माहीत होती. पण ती का जगते हे लिहून, मोजून, नाव देऊन ठेवलं तरच ती दुसऱ्याच्या परसात जाऊ शकते. आपल्याकडे हे करणारेही झाले. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार. पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशोब मांडून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागू शकतं असं त्यांनी दाखवायला घेतलं. माझे सहाच आहेत, आणि त्यातही निम्म्यावर घर.

आता खरं सांगायचं तर या परसात आमचं भागत नाही. तांदूळ, गहू, डाळ, कांदे, बटाटे सगळं दुकानातूनच. भाजी मात्र आठवड्यातले चार-पाच दिवस घरची. पुस्तकं वाचून वाटतं तितकं हे सोपंही नाही. केळीचं पिल्लू मैत्रिणीकडून आणता येत नाही. झुपका रोगाने १९२० च्या दशकात या पट्ट्यातल्या केळीच्या बागा पार झोपवल्या होत्या, म्हणून तपासलेलंच रोप लावायचा नियम आहे. कढीलिंबाच्या बिया पक्षी ओढ्याकाठच्या रानात नेऊन टाकतात, म्हणून फळं काळी व्हायच्या आत खुडायची. आणि ऋतू उलटे. हळदीची पानं जूनमध्ये सुकतात, पातोळ्या करायच्या ऑगस्टमध्ये. म्हणून फेब्रुवारीतच पानं फ्रीझरमध्ये! इथल्या नागपंचमीला मी बर्फातून पानं काढते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आजी गेल्या वर्षी वृद्धाश्रमात गेल्या आणि घर विकलं गेलं. त्यांची जागा आठ गुंठ्यांची, तिचे दोन प्लॉट पडले. कायद्याने चार-चार, अगदी १८८५ च्या मापात. या फेब्रुवारीत सकाळी सात वाजता मशीन आलं, दुपारी तीनपर्यंत घर, लिंबू आणि आंबा, काही नव्हतं. आता तिथे कुंपणापासून कुंपणापर्यंत घर उठतंय. कायद्याने जमीन किती ते ठरवलं, पण परस ठेवाच असं कुठे म्हटलंय?

आम्हालाही पत्रं येतात. सध्याचं फ्रिजवर चिकटवलेलं आहे, आणि त्यातला आकडा मोठा आहे. नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही. मुलं मोठी झाली, त्यांना खोल्या हव्यात, कर्ज फिटेल. आणि मीच म्हणते ना की माती कुठेही तयार करता येते? तीन महिन्यांत खत होतं, मीच शिकवते लोकांना.

पण जानेवारीत आजींच्या झाडाचे शेवटचे आंबे आमच्या बाजूला पडले, त्यांच्या कोयी मी ठेवल्या होत्या. हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असं नाही, त्याला कलम लागतं. केन्सिंग्टनचं तसं नाही. त्याच्या एका कोयीतून तीन-चार कोंब येतात, आणि त्यातले बहुतेक आईच्या झाडाचीच हुबेहूब नक्कल असतात. सहसा सगळ्यात अशक्त कोंब काढून टाकायचा आणि जोरदार ठेवायचा. आईने तेच केलं. आता पाच कुंड्यांत पाच रोपं आहेत, तांबूस पानांची. म्हणजे आजींचा आंबा मेला, आणि नाहीही मेला.

एक रोप वृद्धाश्रमात आजींच्या खिडकीखाली लावायची परवानगी मिळाली आहे. तीन मैत्रिणींनी मागितली आहेत. पाचवं जमिनीत कुठे लावायचं ते ठरत नाही, कारण कोयीचं झाड फळायला पाच-सहा वर्षं घेतं. पाच वर्षं इथे राहणार असू तरच लावण्यात अर्थ.

काल आईने हळद खणली. दोन बादल्या भरल्या. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी तिने मला न विचारता एक बादली बाजूला काढून ठेवली आहे. नवऱ्याने ती बघितली, काही बोलला नाही. पण संध्याकाळी कुदळ घेऊन कुंपणापाशी गेला आणि, "आंब्याला किती फूट सोडायचे ग घरापासून?" असं विचारलं.

पत्र अजून फ्रिजवरच आहे. बघू.